खूण

बाबांनी जाताना जमीन दिली नाही, कारण जमीन नव्हती.
दोन रेघा दिल्या.
ऐरण-डोंगराची डावी धार
ओनोफ्रेच्या लाल छपरावर टेकली पाहिजे,
आणि उजवीकडे
दफनभूमीतला क्रूस कड्याच्या भेगेत बसला पाहिजे.
दोन्ही जिथे एकमेकींना कापतात
तिथे, चाळीस वाव खाली, आपलं शेत.
कुणाला सांगू नकोस. नवऱ्यालाही.
(मला नवरा नव्हता. ते विसरले होते.)

खुआन फर्नांदेसच्या समुद्राला
असेच न लिहिलेले सातबारे असतात.

शेवंडीला नांगी नसते,
त्यामुळे नांगी टाकणं तिला माहीत नाही.
अंगाहून लांब मिशा आहेत, आणि काटे,
डोळ्यांच्या वर दोन, मग पाठभर.
उष्ण पाण्यातल्या तिच्या काही चुलत बहिणी
मिशीचं मूळ कपाळाशी घासून करकरतात,
बिजागरीला तेल नसावं तसं.
आमची मुकी.
पिंजरा वर येतो तेव्हा नुसतं शेपूट आपटते.
दात म्हणाल, तर पोटात.

वर्षाकाठी एकदा पाठ आणि शेपूट यांच्यामधली शिवण उसवते
आणि ती स्वतःतून मागच्या मागे निघते:
पायातून पाय, मिशीतून मिशी,
डोळ्यांवरची काच, पोटातले दातसुद्धा सोडून.
मग काही दिवस मऊ, पिकल्या अंजिरासारखी,
कपारीत आत आत सरकून बसते
आणि बाहेर वाळूवर तिचीच पोकळ शेवंड
तिच्यापेक्षा शूर दिसते.
झाडाला वलयं असतात, माशाच्या कानातल्या खड्यालाही.
हिच्याकडे वयाचा एकही कागद उरत नाही.

आणि गाबोळीतून जे निघतं
ते शेवंडीसारखं नसतंच.
काचेचं पान, कोळ्याचे पाय लावलेलं,
वहीवर ठेवलं तर खालचं अक्षर वाचता येईल.
वर्षभर, कधी त्याहून जास्त, ते वाहत राहतं
इतक्या दूर, की तिथून ना धार दिसते ना छप्पर.
बहुतेक परतत नाहीत. काही येतात.
कसे, ते वाल्पाराइसोहून आलेल्या, शेवंडी मोजणाऱ्या मुलीला विचारलं.
भोवरे असावेत, ती म्हणाली,
आणि ‘असावेत’ म्हणताना पेन्सिल खाली ठेवली.

गेल्या ऑक्टोबरात ओनोफ्रेच्या सुनेने छप्पर हिरवं रंगवलं.
मागचा उतार हिरवा, पुढची झाडं हिरवी.
पहाटे धारेला टेकायला काही नव्हतं.
तीन दिवस माझे माकीच्या फांद्यांचे पिंजरे
वाळूत पडले. एकात वाम निघाली,
आमिष खाऊन सुस्त.
आणि तक्रार तरी काय करणार?
लाल हवं म्हटलं की शेत सांगितल्यासारखंच.

चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेले.
एलेउतेरिया, तुझ्या धुराड्याला गंज चढलाय, रंगवून देऊ?
लालच का?
हाच उरलाय.

धुराडं छपराहून बारीक.
रेघ पूर्वीपेक्षा नेमकी झाली.
पहिल्याच पिंजऱ्यात एक मादी, जड,
पोटाखाली गाबोळी नाही, तेव्हा मापपट्टी लावली.
पट्टी म्हणते एकशे पंधरा. ती एकशे तेरा.
दोन मिलिमीटर म्हणजे कदाचित आणखी एक कात.
तिचं वय मला नाही सांगता येणार,
पण दहा-बारा वर्षं धरली
तर बाबा या नावेत उभे होते तेव्हा
ती कुठेतरी काचेची होती.

सोडली.
शेपटीच्या फटक्यांनी ती मागे मागे गेली,
तोंड माझ्याकडे.

एलेउतेरिया परवा दुकानात भेटली. विचारत होती,
धुराड्याला दुसरा हात कधी देतेस.